मतला शिकायचा तर कुणाकडून? फारसी, तुर्की की उर्दू

आधी हे कोणासाठी लिहितोय ते सांगतो. तुम्ही मराठीत गझल लिहिता, किंवा लिहायला घेतलीय, जमीन म्हणजे काय (वृत्त, काफिया, रदीफ यांचा साचा), काफिया म्हणजे काय (ओळीतलं जुळणारं यमक) हे माहितीय, वृत्त बऱ्यापैकी हाताखाली आलंय, पण मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, मात्र दरवेळी लंगडा येतो, पुढचे चार शेर चांगले आणि तोंडालाच पाणचट, आणि आता ठरवलंय की जरा मुळाकडे जाऊन बघू. मग प्रश्न येतो की वर्षभर वेळ घालवायचा तर कुठे घालवायचा? उर्दूत तर सगळेच जातात. फारसी शिकावी का? आणि तो तुर्की प्रकार काय आहे, ज्याचं नाव आपल्याकडे कुणी काढतच नाही? मी तिन्हीकडे थोडी थोडी तोंडं मारलीयत, पंडित वगैरे नाही, पण तुलना सांगू शकतो.

मतला म्हणजे उगवण्याची जागा, अरबी शब्द. सूर्य जिथून वर येतो ती. गझलेचा पहिला शेर ज्याच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ (काफियामागे जसाच्या तसा येणारा शब्द) येतात आणि तिथेच पुढच्या सगळ्या गझलेची जमीन ठरते, इथपर्यंत तिन्ही भाषांत एकमत. नियम एकच आहे, फरक पडतो तो भाषेच्या अंगकाठीमुळे, म्हणजे ओळीच्या शेवटी त्या भाषेत काय येऊ शकतं यावरून, आणि माझं सगळं म्हणणं शेवटी याच एका गोष्टीवर येतं.

तुलना करायची तर एकाच मापाची करावी म्हणून तिन्ही भाषांतले एकाच बहरातले, म्हणजे एकाच वृत्तातले, मतले घेतो. हजज, म्हणजे आपलं वियद्गंगा, लगागागा चार वेळा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू).

हाफिज, शीराज, 14वं शतक:
अला या अय्युहस्साकी अदिर कासन व नाविल्हा
के इश्क आसान नमूद अव्वल वली उफ्ताद मुश्किल्हा

फुजूली, बगदाद-करबलाकडचा, मृत्यू 1556, भाषा तुर्की (अझरबैजानी लोक आपला म्हणतात, तुर्कस्तानवाले आपला, दोघांचंही बरोबर आहे):
बेनी जानदान उसान्दिर्दी जेफादान यार उसानमाज मी
फेलेकलेर यान्दी आहिमदान मुरादिम शेमइ यानमाज मी

गालिब, दिल्ली, 1797 ते 1869:
हजारों ख्वाहिशें ऐसी कि हर ख्वाहिश पे दम निकले
बहुत निकले मिरे अरमान लेकिन फिर भी कम निकले

मोठ्यानं वाचून बघा, अर्थ नाही कळला तरी चालेल, टेबलावर ताल धरून वाचा. तिन्ही एकाच ठेक्यात पडतात. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि घरात सगळे झोपलेले, तरी मी बोटानं ठोकत बसलो होतो.

आता आत शिरू. हाफिजची पहिली ओळ चक्क अरबी आहे, 'अरे साकी, पेला फिरव आणि पुढे दे', दुसरी फारसी, 'कारण प्रेम आधी सोपं वाटलं पण मग अडचणी आल्या'. शेवटचे 'हा' बघा. पहिल्या ओळीतला 'हा' अरबी सर्वनाम आहे, 'तो दे' मधला 'तो' म्हणजे पेला. दुसऱ्या ओळीतला 'हा' फारसी अनेकवचनाचा प्रत्यय, मुश्किल्हा म्हणजे मुश्किली. कानाला एकच, व्याकरणात दोन वेगळ्या भाषांचे दोन वेगळे प्राणी. पेला देणं आणि अडचणी येणं एकाच आवाजात संपतात! एवढा कारागीर माणूस. आणि गझलेची शेवटची ओळ पुन्हा अरबीत, म्हणजे दार आणि मागचं दार एकाच लाकडाचं. या अरबी ओळीवरून एक जुनं भांडणही आहे, सूदी नावाचा बोस्नियाचा विद्वान होता, 16व्या शतकातला, त्यानं हाफिजच्या दीवानावर (म्हणजे कवितासंग्रहावर) तुर्कीत मोठी टीका लिहिली आणि त्यात सांगून टाकलं की ही ओळ मूळ यझीदची, म्हणजे ज्याच्या सैन्यानं करबलात इमाम हुसैनला मारलं त्या यझीदची. पुढे इराणी अभ्यासकांनी हे खोडून काढलं. पण बघा, फारसीचा सगळ्यात प्रसिद्ध मतला समजावून सांगायला बोस्नियाचा माणूस तुर्कीत लिहितोय, या भाषा वेगवेगळ्या डब्यांत ठेवून चालतच नाही.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो. दीवानात ही गझल पहिली आहे म्हणून लोक समजतात की हाफिजनं ही पहिली लिहिली. तसं नसतं. दीवान लावतात ओळीच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमानं, अलिफ पहिला, म्हणून 'हा'वाली पुढे. गालिबच्या दीवानाची पहिली गझलही 'का' वर संपते ती याच कारणानं.

फारसीचा गुण म्हणाल तर तिच्यात मतला आरामात बसतो. क्रियापद शेवटी येतं, त्याला रदीफ करून टाकलं की ओळ आपोआप बंद होते. सादी, 13वं शतक: 'ऐ सारबान आहिस्ता रान कआराम-ए-जानम मी-रवद, वान दिल के बा खुद दाश्तम बा दिलसितानम मी-रवद'. सांडणीवाल्या हळू हाक, माझ्या जिवाचा आराम निघालाय, आणि जे काळीज माझ्यापाशी होतं तेही काळीज नेणाऱ्याबरोबर निघालंय. 'मी-रवद', निघालंय, निघालंय. तांडा खरोखर पुढे जाताना दिसतो आणि हा मागे उभा. यात एकही अवघड कल्पना नाही, डोकं खाजवायला लागत नाही, मतला असा उघडा ठेवता यायला हवा असं मला वाटतं आणि आपल्याकडे नेमकं हेच कमी दिसतं, आपण पहिल्याच ओळीत पूर्ण तत्त्वज्ञान ओतायला बघतो.

हाफिजचा अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण त्याचा दख्खनशी संबंध आहे. फरिश्ता हा इतिहासकार, अहमदनगर-विजापूर दरबारातला, तो लिहितो की बहमनी सुलतानानं हाफिजला इकडे बोलावलं होतं, वाटखर्चही पाठवला, हाफिज हुर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजावर चढला आणि वादळ बघून परत उतरला तो कायमचा, आणि सुलतानाला गझल पाठवून दिली. तिचा मतला असा: 'दमी बा गम ब-सर बुर्दन जहां यकसर नमी-अर्जद, ब-मय बफरोश दल्क-ए-मा कजीं बेहतर नमी-अर्जद'. एक क्षण दुःखात काढायचा तर त्यापुढे सगळं जग कवडीमोल, आमची कफनी दारूवर विकून टाक, यापेक्षा जास्त तिची किंमत नाही. रदीफ 'नमी-अर्जद', म्हणजे 'लायकीचं नाही, परवडत नाही'. दख्खनची दौलत, समुद्राची भीती, सगळ्याला एकच उत्तर, परवडत नाही. गोष्ट खरी असो नसो, रदीफ निवडावा तर असा की त्याच्यात अख्खी गझल आधीच बसलेली असते. आणि हाही वियद्गंगाच, मोजून बघा.

फारसीची अडचण काय? काळ आणि अंतर. वाचून मजा यायला वर्षभर तरी घासावं लागतं, आणि सोबतीला माणूस मिळत नाही. शब्द मात्र आपल्या ओळखीचे पुष्कळ, सरकार, जमीन, कागद, फिर्याद, आपली जुनी कागदपत्रं त्यांनीच भरलेली. माधव जूलियन (1894–1939) फारसीचे प्राध्यापक होते, फारसी-मराठी कोश त्यांनीच केला आणि 1933 ला 'गज्जलांजली' आली, म्हणजे मराठी गझलेच्या घराला फारसीचं दार आधीपासून आहे, आपणच मागच्या गल्लीतून उर्दूकडून येतो.

आता तुर्की. इथे मला जास्त बोलायचंय कारण इथे कुणी जात नाही.

फुजूलीच्या मतल्याचा अर्थ: मला जिवाचा वीट आणला, यार छळायला विटत नाही का? माझ्या उसाशांनी आभाळं पेटली, माझ्या इच्छेचा दिवा पेटत नाही का? आता शेवट बघा, 'उसानमाज मी', 'यानमाज मी'. उसान म्हणजे विटणं, यान म्हणजे जळणं, 'माज' म्हणजे नाही, 'मी' म्हणजे का. विटत-नाही-का, जळत-नाही-का. एकास एक! शब्दांचा क्रमसुद्धा मराठीसारखा, आधी धातू मग नकार मग 'का'. उर्दूत हे करायला गेलं तर 'क्या' बहुतेक पुढे जाऊन बसतो, फारसीत नकार क्रियापदाच्या आधी लागतो (नमी-अर्जद बघितलंच), फक्त तुर्की आणि मराठी शेपटीला एकेक डबा जोडत जातात. काफिया 'आन' (उसान, यान) आणि रदीफ 'माज मी', म्हणजे रदीफ हा वेगळा शब्दच नाही, क्रियापदालाच चिकटलेली शेपटी आहे. 'घरातल्यासारखाच' असं लांबच्या लांब बोलणाऱ्या माणसाला हे शिकण्यासारखं नाही तर काय.

दुसरा मतला सुलतान सुलेमानचा. होय तोच, सीरियलवाला, राज्य 1520 ते 1566, कवी म्हणून नाव मुहिब्बी:
हाल्क इचिंदे मुतेबेर बिर नेस्ने योक देवलेत गिबी
ओल्माया देवलेत जिहांदा बिर नेफेस सिह्हात गिबी

मुतेबेर म्हणजे आपलं मातब्बर. देवलेत म्हणजे दौलत. आणि दौलतीचे जुन्या मराठीत दोन्ही अर्थ होते, पैसा आणि राज्य, दोन्ही, मराठेशाहीच्या कागदांत 'दौलत' म्हणजे राज्यच. तुर्कीत आजही देवलेत म्हणजे राज्यसंस्था. तर: लोकांत दौलतीसारखं मातब्बर काही नाही, पण जगात निरोगी श्वासासारखी दौलत नाही. दौलत पहिल्या ओळीत काफियाला येते आणि दुसऱ्या ओळीत मधेच येऊन सिंहासनावरून खाली उतरते, आणि लिहिणारा स्वतः सिंहासनावर बसलेला. 'गिबी' म्हणजे 'सारखं', रदीफ. तुर्कस्तानात अजूनही कुणी आजारी पडलं की ही ओळ म्हणतात, म्हणीसारखी झालीय. याचं वृत्त गालगागा गालगागा गालगागा गालगा, म्हणजे आपलं देवप्रिया, सुरेश भटांच्या 'रंगुनी रंगात साऱ्या रंग माझा वेगळा'चं. म्हणून बघा सुलेमानची ओळ त्या चालीवर. हसू येतं पण बसते.

तिसरा मध्य आशियातला, अलीशेर नवाई, हेरात, 1441 ते 1501, भाषा चगताई, ज्यातून आजची उझबेक निघाली. या माणसानं 1499 मध्ये एक पुस्तकच लिहिलं की तुर्की ही फारसीपेक्षा सरस भाषा आहे, आणि स्वतः फारसीतही फानी या नावानं लिहायचा, म्हणजे दोन्हीकडचं जेवून मत दिलं. त्याचा मतला:
कारो कोजुम, केलू मर्दुमलुग एमदी फन किल्गिल
कोजुम कारोसिदा मर्दुम किबी वतन किल्गिल

माझ्या काळ्याभोर डोळ्यांच्या जिवलगा, ये, आता माणुसकीचा हुन्नर दाखव, माझ्या डोळ्याच्या काळ्यात मर्दुमसारखं घर कर. खेळ 'मर्दुम'वर आहे, फारसीत मर्दुम म्हणजे माणूस आणि मर्दुम म्हणजेच डोळ्यातली बाहुली, कारण दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलीच छोटी आकृती दिसते. इंग्रजी भाषांतरात हे तळटीप देऊन समजवावं लागतं आणि मराठीत? मराठीत तिला बाहुलीच म्हणतात! बाहुलीसारखी येऊन रहा म्हटलं की काम झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच थांबलो, पाचशे वर्षांपूर्वीचा हेरातचा माणूस आणि आजीच्या तोंडचा शब्द.

तुर्कीत खोट काय तर वृत्त. तुर्कीला मूळचे दीर्घ स्वर नाहीत आणि बहर सगळे अरबी-फारसीतून आलेले, मग जिथे गुरू हवा तिथे लघू ताणायला लागतो, त्याला ते इमाले म्हणतात. वरच्या 'बेनी'तला 'नी' खरं तर ऱ्हस्व आहे पण ओढून म्हणावा लागतो, 'उसान्दिर्दी'तला शेवटचा पण तसाच. उर्दूत बरोबर उलटं, दीर्घ दाबतात, गालिबचा 'मेरे'चा 'मिरे' झालाय आणि 'फिर भी'तला भी नुसता भि. म्हणजे एक ताणतो दुसरा दाबतो. आपण मराठीवाले अक्षरगणवृत्तात दोन्ही करत नाही, निदान करू नये म्हणतात, म्हणून आपल्याला सगळ्यात जास्त घाम येतो. दुसरी खोट म्हणजे उस्मानी (ऑटोमन) दरबारी कवींची भाषा इतकी फारसी-अरबीनं भरली की आजच्या तुर्कांनाही ती कोश घेऊन वाचावी लागते, बाकीची काही उदाहरणं बघाल तर ओळीत तुर्की शब्द शोधायला लागतो. म्हणून तुर्कीत जाणार असाल तर फुजूली, नवाई, असे निवडून जा, सरसकट नको.

पण सोय एक मोठी आहे. तुर्कस्ताननं 1928 मध्ये लिपी बदलून रोमन केली, अझरबैजानीही आज रोमन, त्यामुळे या सगळ्या गझला रोमन लिपीत छापलेल्या मिळतात आणि उच्चार बघितला की मोठ्यानं वाचता येतात, लिपी शिकण्यात महिने जात नाहीत.

उर्दूबद्दल काय सांगायचं, तुम्हाला माहितीच आहे. तरी मतल्याच्या बाबतीत दोन गोष्टी. एक, उर्दू मतला कानासाठी बनलाय. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोनदा तीनदा म्हणतो, लोक उचलतात, आणि मग दुसरी सोडतो. मीरचं बघा (1723–1810): 'देख तो दिल कि जां से उठता है'. बघ तरी, काळजातून उठतंय की जिवातून. काय उठतंय? सांगितलंच नाही! इथे शायर थांबतो. 'ये धुआं सा कहां से उठता है'. तो धूर आहे हे आत्ता कळलं. ओळींची अदलाबदल करून बघा, पार मेलेला मतला होतो. सादीची पहिली ओळ स्वतःच्या पायावर उभी आहे, मीरची पहिली ओळ हात पुढे करून उभी आहे. (अगदी पक्का नियम नाही हा, हाफिजचं 'अगर आं तुर्क-ए-शीराजी' पण 'जर'वर लटकवतं आणि दुसऱ्या ओळीत गालावरच्या तिळासाठी समरकंद-बुखारा वाटून टाकतं. पण कल तसा आहे.)

दुसरी गोष्ट म्हणजे उर्दूला देशी आणि फारसी दोन्ही कोठारं उघडी आहेत आणि मतल्यात ती एकमेकांना भिडवता येतात. वली दकनी, औरंगाबादशी जोडलेला, ज्याच्या दीवानानं दिल्लीच्या फारसी लिहिणाऱ्यांना आपल्या बोलीत लिहायचा चस्का लावला: 'जिसे इश्क का तीर कारी लगे, उसे जिंदगी क्यूं न भारी लगे'. कारी फारसी, भारी देशी, एकाच रदीफाला दोघं बांधले. (हे 'भारी' आपलं आजचं 'लय भारी' नव्हे, जड या अर्थानं आहे, एका मित्रानं मला हा शेर वाढदिवसाला पाठवला होता म्हणून सांगतोय.) आणि सिराज औरंगाबादी, 18वं शतक: 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन न जुनूं रहा न परी रही, न तो तू रहा न तो मैं रहा जो रही सो बेखबरी रही'. यावर मी काही लिहीत नाही, म्हणून बघा नुसतं. हे दोघे आपल्याच मराठवाड्याच्या मातीतले आणि आपण दिल्ली-लखनौकडे तोंड करून बसतो.

आणि गालिबच्या दीवानाचा तो पहिला मतला, ज्याला सगळे अवघड म्हणतात: 'नक्श फरियादी है किस की शोखी-ए-तहरीर का, कागजी है पैरहन हर पैकर-ए-तस्वीर का'. लोकांनी अर्थ विचारला तेव्हा गालिबनं पत्रात लिहून कळवलं की इराणात रीत आहे, दाद मागायला जाणारा कागदाचे कपडे घालून हाकिमापुढे उभा राहतो. हिंदीवाल्यांना हा मतला जड जातो पण मराठी माणसाकडे बघा काय काय आहे: फिर्यादी (पोलीस स्टेशनवाला, अर्थही तोच), कागदी, तसबीर, आणि पैरहन म्हणजे चक्क पैरण, आजोबा घालायचे ती. चित्र फिर्यादी आहे, अंगात कागदी पैरण आहे. निम्मा मतला न शिकता कळला.

आता एक भानगड जी तिघांत फरक पाडते आणि जी मराठीत लिहिताना आडवी येतेच, लिंग. फारसीत 'ऊ', तुर्कीत 'ओ', तो-ती-ते काही नाही, त्यामुळे यार बाई आहे की पुरुष की देव हे मतला सांगतच नाही, सांगू शकतच नाही. उर्दूत क्रियापद लिंग मागतं, म्हणून त्यांनी रिवाज पाडला की माशूकसुद्धा पुल्लिंगी. आपल्याकडे तीन लिंगं, आणि असा रिवाज काही नीट रुजला नाही, मग 'तू गेलीस' लिहिलं की सूफी अर्थ गेला आणि 'तू गेलास' लिहिलं की कुणाच्या तोंडी आहे हा घोळ. वर नवाईचा अर्थ लिहिताना मी 'जिवलगा' लिहिलं, म्हणजे मीच ठरवून टाकलं. उपाय एवढाच दिसतो की रदीफाला लिंग नसलेलं काहीतरी ठेवा, 'नाही', 'का', 'आता', 'तेव्हा'. यात तुर्की मतले सरावासाठी फार उपयोगी.

आणि दोष तपासायची एक युक्ती, तिन्हीकडे चालते. ईता म्हणतात उर्दूवाले. मतल्यातल्या दोन्ही काफियांचा सारखा प्रत्यय काढून टाका आणि उरलेलं जुळतं का बघा. फुजूली: उसानमाज मी, यानमाज मी, प्रत्यय काढले, उसान-यान उरले, जुळले, पास. आता आपलं नेहमीचं: 'जगताना' आणि 'मरताना'. 'ताना' काढला तर जग आणि मर, काय जुळलं? काही नाही. म्हणजे तो काफियाच नव्हता, ज्याला काफिया समजत होतो ती रदीफाची शेपटी होती. मराठी प्रत्ययांनी जुळवणं इतकं सोपं करून ठेवलंय की असे मतले ढिगानं पडतात, माझ्या जुन्या वहीत बारा आहेत, मोजलेत. उलट टोकाची चूकही होते, मतल्यात नकळत 'नजर'-'गजर' घेतलं की मग पुढे सगळीकडे 'जर' शोधत फिरा.

हुस्न-ए-मतला या शब्दावरून गोंधळू नका, उस्मानी लोक मतल्याच्या लगेच पुढच्या शेराला तसं म्हणायचे, तो मतल्याहून देखणा असावा अशी अपेक्षा, आणि उर्दूत आज बरेच जण दुसऱ्या मतल्यालाच हुस्न-ए-मतला म्हणतात. दोन पुस्तकं उघडलीत तर दोन अर्थ दिसतील.

तर मग निवड. तुम्हाला यंदाच फरक दिसायला हवाय, मैफलीत वाचायचंय, पहिली ओळ टाकून थांबायचं कसं ते शिकायचंय, तर उर्दू, डोळे झाकून. रेख्ता या उर्दू शायरीच्या साइटवर सगळं देवनागरीत आहे, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ, पैसे नाहीत. त्यातही वली आणि सिराजपासून सुरू करा, गालिब नंतर. फक्त उर्दूतच राहिलात तर एक होईल, तुमची मराठी गझल हळूहळू उर्दूचं भाषांतर वाटायला लागेल, 'दर्द'ऐवजी 'वेदना' घातलेली. आजूबाजूला दिसतंच.

तुमच्याकडे दोन-तीन वर्षं आहेत आणि घाई नाही, तर फारसी. गंजूर म्हणून साइट आहे, सगळे जुने कवी तिथे आहेत. सादीपासून, हाफिज मग. साधा मतला लिहायची हिंमत फारसी देते. इराणात लोक हाफिजच्या दीवानाचा फाल काढतात, मनात प्रश्न धरून पान उघडायचं आणि जी गझल निघेल ती वाचायची, म्हणजे मतला तिथे कुणाच्या तरी लग्नाचं, नोकरीचं उत्तर असतो. तसा मतला लिहिता आला पाहिजे.

आणि तुम्ही आधीच उर्दू ऐकून ऐकून भरून गेलायत, सगळ्या जमिनी वापरून झाल्यासारख्या वाटतायत, तर माझं ऐका, सहा महिने तुर्कीला द्या. अख्खी भाषा शिकू नका, पंधरा-वीस मतले घ्या, प्रत्येकाचे प्रत्यय सुटे करून मांडा आणि तेच मराठीत जोडून बघा. मी फुजूलीचाच घेतला होता. 'जळत नाही का' वियद्गंगेत बसेना, बोलताना 'जळत्' म्हणतो पण अक्षरगणात 'त' पूर्ण मोजायला लागतो, दोन दिवस त्यातच गेले. मग 'नाही'ची ती जुनी शेपटी आठवली, 'येईना', 'जाईना'वाली, आणि 'जळेना का' सरळ लगागागा निघालं:

जिवाला वीट आला, जाच हा आता टळेना का
नभेही पेटली श्वासे, दिवा माझा जळेना का

टळ-जळ जुळतात, ईता नाही, लिंगाचा प्रश्नच येत नाही. 'श्वासे' जरा नाटकी झालंय ते मला दिसतंय. आणि खरं नुकसान पहिल्या ओळीत आहे, फुजूलीकडे मला विटवणारा आणि स्वतः न विटणारा यार एकाच धातूत बांधलेत, उसान्दिर्दी आणि उसानमाज, माझ्याकडे वीट एकदाच आलाय आणि यार तर ओळीतून गायबच झाला. दोन्हीकडे 'वीट' ठेवून कुणाला जमलं तर मला हवंय.